ऑनलाइन वर्गात शोधातून विज्ञान : मटकीचा एक पाठ



ऑनलाइन वर्गात विज्ञान शिकवायचं म्हटलं की आपण आधी एखादा छानसा व्हिडिओ शोधतो, लिंक टाकतो आणि खाली पाच प्रश्न देतो. मुलं उत्तरं लिहितात, काम 'पूर्ण' झालेलं दिसतं. पण यात मुलांनी शोधलं काय? उत्तर तर व्हिडिओनेच सांगून टाकलं!

शोधाधारित पाठाचा क्रम याच्या उलट असतो. अमेरिकेतील बीएससीएस या संस्थेने १९८० च्या दशकात तयार केलेलं 'पाच ई' प्रतिमान हाच क्रम सांगतं : उत्सुकता जागवणे, शोध घेणे, स्पष्टीकरण, विस्तार आणि मूल्यमापन. स्पष्टीकरण तिसरं येतं, पहिलं नाही, हे लक्षात ठेवा. आता गुगल क्लासरूममध्ये इयत्ता चौथीसाठी हा पाठ कसा आखायचा ते पाहू.

१. उत्सुकता : सोमवारी एकच प्रश्न टाका. "मटकीला मोड यायला ऊन लागतं का?" यासाठी 'क्वेश्चन' हा प्रकार निवडा आणि मुलांना एकमेकांची उत्तरं दिसण्याची सोय चालू ठेवा. आपलं उत्तर पाठवल्यावरच इतरांचं दिसतं, त्यामुळे बघून लिहिणं टळतं. "झाडाला ऊन लागतं, म्हणजे मोडालाही लागणार" असं बरीच मुलं म्हणतील. म्हणू द्या. चूक-बरोबर काहीच सांगू नका.

२. शोध : प्रत्येकाने तीन वाट्या घ्याव्यात. प्रत्येकीत कापूस आणि मटकीचे १० दाणे.
- वाटी अ : कोरडा कापूस, खिडकीजवळ
- वाटी आ : ओला कापूस, खिडकीजवळ
- वाटी इ : ओला कापूस, बंद कपाटात

अ आणि आ मध्ये फरक फक्त पाण्याचा, आ आणि इ मध्ये फक्त उजेडाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांकडूनच काढून घ्या. ओला कापूस सुकू द्यायचा नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोड आलेले दाणे मोजून तक्त्यात आकडा लिहायचा. ज्यांच्या घरी फोन दिवसभर नसतो, त्यांनी वहीत नोंद करावी आणि फोन मिळेल तेव्हा एकच फोटो पाठवावा.

३. स्पष्टीकरण : गुरुवारी सगळ्यांचे आकडे एकाच शीटमध्ये मांडून ऑनलाइन तासाला दाखवा. ३० मुलं म्हणजे ३० घरांतले प्रयोग! वर्गात आपण एकच वाटी दाखवली असती. अंधारातल्या मटकीलाही मोड आलेले दिसतील. मग विचारा, "कोवळ्या मोडाला अन्न कुठून मिळालं?" इथे दाण्यात साठवलेल्या अन्नाची गोष्ट येते. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो आत्ता.

४. विस्तार : "थंडीत आजी मटकी जाड कापडात का गुंडाळून ठेवते?" मुलं आता स्वतःच नवा प्रयोग सुचवतील.

५. मूल्यमापन : "माझा अंदाज काय होता, काय दिसलं, आता मला काय वाटतं?" अशी तीन वाक्यं पुरेत. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका.

खरी कसोटी पुढे आहे. एखाद्याच्या वाटी आ मध्ये एकही मोड येणार नाही. शेजारच्याचे ९ बघून तो शून्य खोडेल आणि ८ लिहील, किंवा घरचं कुणी तक्ता भरून देईल. ऑनलाइन वर्गात हे आपल्याला दिसतही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, "शून्य हेही उत्तर आहे, आणि मला ते हवंय." शून्य आलं की "चुकलं" असं म्हणू नका. "कापूस सुकला होता का रे? मटकी जुनी होती का?" असं विचारा. त्या एका शून्यावर सगळ्या वर्गाची चर्चा रंगते आणि ते मूल पुढच्या वेळी न घाबरता खरी नोंद लिहितं.

सामान घरातलंच, खर्च जवळजवळ नाही. येत्या सोमवारी फक्त प्रश्न टाका, आणि उत्तर मात्र गुरुवारपर्यंत आपल्याजवळच ठेवा!