पत्र्याचा गंज आणि पेंटरचा दमा

गणपतीला गाडी घेऊन गावी जायचे, तर त्याआधी दाराखालचा सडलेला पत्रा आणि चेपलेला मडगार्ड नीट करून घ्यावा, असे अनेकांना वाटते. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये काम वाढते ते नेमके हवेत पाणी भरलेले असताना. काही महिन्यांनी त्याच जागी रंगाला फोड येतात, फोड फुटला की खाली तांबूस गंज दिसतो आणि मालक पेंटरवर चिडतो. त्या कामाच्या दिवसांत पेंटरच्या छातीत काय गेले, हे मात्र कुणी विचारत नाही. खरे तर हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी म्हणजे पावसाची सर अंगावर यायला हवी असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरू लागतो आणि गंजाचा वेग वाढतो. पत्र्यावर मीठ असेल, मग ते समुद्राच्या हवेतले असो वा घामेजल्या बोटांचे, तर आणखी लवकर. म्हणून घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नये आणि तो रात्रभर तसा ठेवू नये. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे बारीक खड्ड्यांत थोडा जरी गंज उरला तरी तो वाढत जाऊन वरचा थर उचलतो.

समजा, हवा 28 अंशांची आहे आणि आर्द्रता 85 टक्के. या हवेचा दवबिंदू सुमारे 25 अंश येतो. म्हणजे पत्रा 25 अंशांपर्यंत गार असेल तर त्यावर दव धरणारच. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त असल्याखेरीज प्राइमर मारू नये, असा लोखंडावरच्या रंगकामाचा जुना नियम आहे. रात्रभर गार पडलेल्या गाडीवर सकाळी शटर उघडल्या उघडल्या काम सुरू केले, की हा नियम हमखास मोडतो.

ओलावा आणखी दोन वाटांनी आत शिरतो. एक पुट्टीतून. पुट्टी सच्छिद्र असते. तिच्यावर वॉटर पेपर मारला की ती पाणी पिते आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओली राहते. त्यावर प्राइमर बसला की ते पाणी कोंडले जाते. दुसरी वाट कॉम्प्रेसरची. हवा दाबली की तापते, टाकीत निवली की तिच्यातले पाणी सुटते. टाकीखालचा कॉक रोज उघडून ते काढले नाही आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर नसला, तर स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंबही पत्र्यावर जातात.

आता हार्डनरकडे वळू. पीयू प्राइमर आणि वरच्या चमकदार थरात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट गटातली रसायने असतात. पाण्याशी गाठ पडताच त्यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. दमट हवेत मारलेल्या थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, त्यातली काही याच वायूमुळे. उघडा राहिलेला हार्डनरचा डबा नंतर बंद केल्यावर फुगतो, तोही यामुळेच. आयसोसायनेट हे नाव भोपाळमुळे आपल्याला ठाऊक आहे. 1984 च्या डिसेंबरमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि पुढचे सगळे घडले. गॅरेजमधला हार्डनर म्हणजे तो वायू नव्हे. तो सहजासहजी उडत नाही. पण स्प्रे गन त्याचे बारीक तुषार करते आणि तुषार श्वासाबरोबर आत जातात.

श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर पोचलेले हे रसायन शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. काहींच्या शरीरात त्याविरुद्ध अतिसंवेदनशीलता तयार होते. कधी काही महिन्यांत, कधी अनेक वर्षांनी. घरात कुणालाही दमा नसलेल्या धडधाकट माणसालाही हे होते. वाहने रंगवणाऱ्यांना दमा होण्याची शक्यता तिथल्या इतर कामगारांच्या सुमारे 80 पट असल्याचे ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ने म्हटले आहे. एकदा शरीर असे बिथरले, की पुढे अगदी किंचित मात्राही पुरते. शेजारी दुसरा कुणी स्प्रे मारत असला तरी धाप लागते.

थिनरला वास असतो, त्यामुळे भीती त्याचीच वाटते. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत मात्र सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी आहे. एन-95 मास्क घासकामाच्या धुळीला चांगला, हार्डनरच्या स्प्रेला पुरेसा नाही. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो, आणि स्प्रे थांबला तरी काही वेळ तो काढायचा नसतो. फिनिश कसा आला हे बघायला पेंटर चटकन मास्क वर करतो, त्या वेळी न दिसणारे तुषार हवेत असतातच. गाडीपाशी उभ्या असलेल्या मदतनीस मुलाच्या तोंडावर बहुधा काहीच नसते. हार्डनर त्वचेवर सांडणेही टाळायला हवे. शरीर बिथरण्याची सुरुवात त्वचेतूनही होऊ शकते, म्हणून हातमोजे.

पावसाळ्यात सगळी गोची होते ती इथे. ओली हवा आत नको म्हणून शटर अर्धे ओढले जाते, पंखा बंद होतो. पत्रा थोडाफार वाचतो, पण तुषार आतच कोंडतात. वॉटर पेपरचेही तसेच: पाण्याने घासले तर धूळ उडत नाही, पण पुट्टी भिजते; कोरडे घासले तर पुट्टी वाचते आणि धूळ छातीत जाते. पुट्टी कोरडीच घासावी, पण धूळ ओढून घेणारे यंत्र आणि मास्क लावून, हाच त्यातला शहाणा मार्ग. वॉटर पेपर राखून ठेवावा तो पुट्टी पूर्ण झाकल्यानंतरच्या थरांसाठी.

स्प्रेच्या अडचणीवरही उपाय आहे, फक्त त्याला दिवस लागतात. गंज पूर्ण काढून, पुसून, कोरड्या केलेल्या पत्र्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर द्यायचा. जागा लहान असेल तर तो ब्रशनेही लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसते आणि नीट वाळलेला थर पाणी बऱ्यापैकी अडवतो. त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे इथेही हवेत. मग पीयूचा स्प्रे उघडीप मिळून दारे-खिडक्या सताड उघडता येतील त्या दिवसापर्यंत थांबू शकतो. पण ‘उद्या संध्याकाळी गाडी पाहिजे’ असा तगादा लावणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कोणता पेंटर थांबेल? फोड आलेल्या पत्र्याचा निम्मा दोष त्या घाईचा असतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या, डॉक्टरांनी कळवायच्या आजारांच्या यादीत आयसोसायनेटच्या विषबाधेचे नाव होते, पण रस्त्याकडेची दोन-तीन माणसांची गॅरेजे त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती. निदानही हुकते, कारण धाप कामावर असतानाच लागेल असे नाही. दुपारी स्प्रे मारलेल्या माणसाला रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घुरघुर होते. त्याला ‘पावसाळी खोकला’ किंवा ‘बिडीचा खोकला’ म्हणून सिरप मिळते. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली लिहून ठेवले. गर्दीच्या ओपीडीत तो प्रश्न आजही राहून जातो.

सुट्टीत, गावी गेल्यावर खोकला कमी होत असेल आणि कामावर परतताच पुन्हा सुरू होत असेल, तर थांबू नये. दमा लवकर ओळखून त्या रसायनापासून दूर झालेल्यांना बरे वाटण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर काम सोडल्यावरही तो टिकू शकतो. तपासणीसाठी पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी पुरते: दिवसातून चार वेळा जोरात फुंकून आकडा लिहायचा, असे तीन-चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून. ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जाताना हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटोही मोबाइलमध्ये काढून न्यावा.