पाचव्या दिवसाचा ताप

वैद्यकाचा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कावासाकी या बालरोगाच्या निदानात यंत्रापेक्षा निरीक्षणाला आणि विचारपुशीला अधिक मान आहे. आणि या दोन गोष्टी काही परक्या नव्हेत.

१९६१ साली टोकिओच्या रेडक्रॉस रुग्णालयात तोमिसाकु कावासाकी या बालरोगतज्ज्ञांपुढे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगभर पुरळ. माहीत असलेल्या कोणत्याच रोगात तो बसेना. कावासाकींनी ओढूनताणून त्याला जुने नाव चिकटवले नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा रुग्ण आला. अशा ५० मुलांची नोंद त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केली.

हा रक्तवाहिन्यांचा दाह बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. त्याचे कारण अद्याप सापडलेले नाही आणि त्याची खात्री देणारी एकही रक्ततपासणी नाही. म्हणून लक्षणे मोजावी लागतात. पाच दिवस वा अधिक ताप, आणि पुढील पाचांपैकी किमान चार खुणा: दोन्ही डोळे लाल, पण चिपडे नाहीत, ओठ व जीभ लालबुंद, अंगावर पुरळ, हातापायांना सूज व लाली, मागाहून बोटांच्या टोकांची सालपटे, मानेत दीड सेंटिमीटर वा मोठी गाठ.

खरी मेख पुढेच आहे. या खुणा एकाच दिवशी हजर राहतील असे नाही. सोमवारचे पुरळ गुरुवारी डॉक्टरांना दिसत नाही. ते पाहिलेले असते आईने. तिची साक्ष घेतली नाही तर गोवर किंवा औषधाची ॲलर्जी म्हणून प्रकरण मिटते. तान्ह्या बाळांत तर खुणाही अपुऱ्या असतात आणि धोका मात्र अधिक. तेथे रक्तातील दाहाच्या तपासण्या व हृदयाचा इको यांचा आधार घ्यावा लागतो.

ताप पुढे आपोआपही उतरतो. पण तेवढ्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना फुगवटे येऊ शकतात. उपचार न झाल्यास सुमारे चारांत एका मुलाला हा धोका असतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास तो विसांत एकाच्या आसपास येतो. सोबत ॲस्पिरिन देतात, तेही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली.

आपल्या घरांत धाकटी भावंडे, भाचरे आहेत. मूल तापले तर डॉक्टरांकडे न्यावेच. पण कोणत्या तारखेला काय दिसले, हेही कागदावर टिपून न्यावे. त्या चार ओळींवर एखाद्या मुलाचे हृदय वाचू शकते, असे मला वाटते.