हॅगलरची पहिली सहा मिनिटे

६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये शुगर रे लेनर्डने मार्व्हिन हॅगलरला खरोखर हरवले का, यावर मुष्टियुद्धाचे शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. चर्चा बहुतेक वेळा पंचांवर घसरते. पण खरा प्रश्न आहे तो हॅगलरच्या पवित्र्याचा.

हॅगलर अकरा वर्षे हरला नव्हता. १९८० मध्ये लंडनला ॲलन मिंटरकडून मिडलवेटचे जगज्जेतेपद हिसकावल्यावर त्याने ते बारा वेळा राखले. १९८५ मध्ये टॉमी हर्न्सला त्याने तीन फेऱ्यांत आडवा केला, तोही पहिल्या घंटेपासून अंगावर धावून जात. उलट लेनर्डच्या डोळ्याचा पडदा सुटल्याने शस्त्रक्रिया झालेली, आणि पाच वर्षांत त्याची लढत एकच. तो जिंकेल असे फार थोड्यांना वाटत होते.

तरीही १९८३ मधल्या रॉबेर्तो दुरानविरुद्धच्या लढतीने एक फट दाखवली होती. समोरचा चतुराईने खेळू लागला की हॅगलर विचारात पडतो, हात आखडता घेतो. तेराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या कार्डांवर दुरान पुढे होता. शेवटच्या दोन फेऱ्यांनी हॅगलर वाचला. लेनर्डच्या गोटाने १९८७ च्या करारात मागितले तेही नेमके अशा चतुर खेळाला सोयीचे: पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठे रिंगण, दहा औंसांचे जाड ग्लोव्हज. जास्त पैशांच्या बदल्यात हॅगलरने सगळे मान्य केले.

आणि मग त्याने स्वतःहून आणखी एक भेट दिली. हा जन्मजात डावखुरा मुष्टियोद्धा पहिल्या दोन फेऱ्या उजव्या पवित्र्यात खेळला. आपणही लेनर्डइतकेच कसबी आहोत हे दाखवायचे होते, असाच त्याचा अर्थ लागतो. लेनर्ड जॅब मारून गोल फिरत राहिला आणि तिन्ही पंचांनी दोन्ही फेऱ्या त्याला दिल्या.

तिसऱ्या फेरीत हॅगलर डाव्या पवित्र्यावर आला आणि लढतीचा रंग पालटला. पाचव्या फेरीत त्याच्या उजव्या अपरकटने लेनर्डचे गुडघे लटपटले. नववी फेरी तर दोघांनी जीव तोडून खेळली. पण लेनर्डचा हिशेब वेगळा होता. फेरीचे शेवटचे अर्धे मिनिट उरले की त्याच्या कोपऱ्यातून हाक यायची आणि तो ठोशांची सरबत्ती सुरू करायचा. त्यातले बरेच हातावर, खांद्यावर आपटून जायचे. पंचांच्या डोळ्यांत मात्र तेच राहायचे. चौथ्या फेरीत हात गरगर फिरवून पोटात मारलेला बोलो पंच हा तर उघड तमाशा होता. बड शुलबर्गसारख्या लेखकाने या साऱ्याला दृष्टिभ्रमच ठरवले.

हे मत पूर्ण पटत नाही. संगणकीय मोजणीत लेनर्डचे ६२९ पैकी ३०६ ठोसे लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २९१. अर्थात मोजणीत जोर धरला जात नाही, आणि जोरकस ठोसे हॅगलरचे होते.

लू फिलिपोने ११५-११३ असा कौल हॅगलरला दिला, डेव्ह मोरेट्टीने तेवढ्याच गुणांनी लेनर्डला. तिसरे पंच जो जो गेरा यांनी ११८-११०, म्हणजे दहा फेऱ्या लेनर्डच्या पारड्यात टाकल्या. हा आकडा कुठल्याच बाजूने समर्थनीय नाही. गंमत म्हणजे गेरा आले ते हॅगलरच्या गोटाने ब्रिटिश पंच हॅरी गिब्ज यांना नाकारल्यामुळे. आणि गिब्ज यांच्या मते जिंकला होता हॅगलर!

हॅगलर पुन्हा रिंगणात उतरला नाही. इटलीत जाऊन त्याने चित्रपटांत कामे केली. १३ मार्च २०२१ रोजी तो गेला, तोपर्यंत आपण जिंकलो होतो यावर तो ठाम होता.

पण मोरेट्टीचे कार्ड पुन्हा पाहावे. पहिल्या दोनपैकी एक फेरी जरी तिथे हॅगलरकडे गेली असती तर ते ११४-११४ झाले असते, लढत बरोबरीत सुटली असती आणि जगज्जेतेपद हॅगलरकडेच राहिले असते. गेरांचे ११८-११० त्यात काहीच बदलू शकले नसते.