प्रसूतिरजा, अधिक पगार आणि ब्रिटनमधील बालभत्ता

वसई, मुंबई आणि गोव्यातून नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत डॉक्टर, परिचारिका, संगणक अभियंता अशा चांगला पगार मिळविणाऱ्या माता आहेत. तेथे मूल जन्मले की शासनाकडून 'चाइल्ड बेनिफिट' म्हणजे बालभत्ता मिळतो. मात्र 'आमचा पगार मोठा, तो भत्ता आमच्यासाठी नाही' असे म्हणून अर्जच न करण्याची चूक सहज घडते. एरवी ही समजूत बऱ्याच अंशी खरी असेल. पण प्रसूतिरजेच्या काळात ती बहुधा खोटी ठरते. म्हणूनच हा विषय आम्ही आज घेत आहोत.

प्रारंभी एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्यांच्या व्हिसावर शासकीय निधीचा लाभ न घेण्याची अट आहे, त्यांनी या भत्त्यासाठी अर्ज करू नये. कामाच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेकांना ही अट असते आणि ती मोडल्यास पुढे तेथील वास्तव्यच अडचणीत येऊ शकते. मालकाकडून मिळणारे वैधानिक प्रसूतिवेतन मात्र या अटीत येत नाही. ते निःशंकपणे घ्यावे. ब्रिटिश नागरिक, कायम वास्तव्याचा परवाना मिळालेले, तसेच पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन 'सेटल्ड स्टेटस' मिळविलेले आपले गोमंतकीय बांधव यांच्यासाठी पुढील माहिती आहे.

या भत्त्याचे मूळ १९४५ च्या कुटुंबभत्ता कायद्यात आहे. एलिनॉर रॅथबोन या संसद-सदस्य बाईंनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला आणि पैसे पित्याच्या नव्हे तर मातेच्या हाती पडावेत, असा आग्रह धरला. पुढे भत्ता पहिल्या अपत्यालाही लागू झाला आणि दीर्घकाळ गरीब-श्रीमंत असा भेद न करता तो सर्वांना मिळत होता. जानेवारी २०१३ पासून मात्र अधिक उत्पन्न असलेल्यांकडून तो कराच्या रूपाने परत घेण्यास सुरुवात झाली.

२०२५-२६ या करवर्षात पहिल्या अपत्यासाठी आठवड्याला २६.०५ पौंड व पुढील प्रत्येकासाठी १७.२५ पौंड असा दर होता. एका अपत्यामागे वर्षाला सुमारे १,३५५ पौंड. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार पती-पत्नींपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर गेले, तर वरच्या प्रत्येक २०० पौंडांमागे भत्त्याचा एक टक्का कर म्हणून भरावा लागतो. ८०,००० पौंडांवर सगळाच भत्ता परत जातो. दोघांची बेरीज होत नाही, हे ध्यानात घ्यावे. दोघांनी प्रत्येकी ५९,००० पौंड मिळविले तर भत्ता पूर्ण राहतो. एकट्याने ८०,००० मिळविले आणि दुसरी व्यक्ती मुलांसाठी घरी राहिली, तर काहीच उरत नाही. आम्हांस हा न्याय वाटत नाही. संपूर्ण घराचे उत्पन्न धरण्याचा विचार २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झाला होता. ऑक्टोबरमध्ये तो सोडून देण्यात आला.

आता मुख्य मुद्दा. हिशेब पगारपत्रकावरच्या आकड्याचा नसून ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात प्रत्यक्ष हाती आलेल्या करपात्र उत्पन्नाचा आहे. समजा, एका मातेचा पगार ७२,००० पौंड आहे आणि ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी ती रजेवर गेली. सहा महिन्यांचा पगार ३६,००० पौंड. वैधानिक प्रसूतिवेतन पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, म्हणजे सुमारे ७,४७७ पौंड. पुढे त्या वर्षाच्या दराने आठवड्याला १८७.१८ पौंड, वीस आठवड्यांचे सुमारे ३,७४४. एकूण ४७,२०० च्या आसपास. हे वेतन एकूण ३९ आठवडे मिळते आणि रजा ५२ आठवड्यांची असते. त्यामुळे ती पुढील ऑक्टोबरात कामावर परतली, तर दुसऱ्या करवर्षातही उत्पन्न ४०,००० च्या आतच राहील. पतीचे उत्पन्नही ६०,००० च्या आत असल्यास दोन्ही वर्षे एक पेनीही परत द्यावी लागत नाही. तिसऱ्या वर्षी पूर्ण पगार सुरू झाला की भत्त्याचा ६० टक्के भाग कराच्या रूपाने जाईल. केवळ पगाराचा आकडा पाहून जी माता अर्ज करीत नाही, ती या दीड वर्षात सुमारे २,००० पौंडांना मुकते. ज्या संस्था वैधानिक वेतनाहून अधिक देतात, तेथे हिशेब वेगळा येईल. एनएचएसमध्ये पुरेशी सेवा झालेल्यांना आठ आठवडे पूर्ण पगार व पुढे अठरा आठवडे अर्धा पगार मिळतो, तोही धरावा.

उत्पन्न मोजताना निवृत्तिवेतनासाठी भरलेली रक्कम वजा होते. 'गिफ्ट एड'खाली धर्मग्रामाला दिलेले दानही वजा होते आणि तेही सव्वापटीने. वर्षभरात २,००० पौंड अर्पण केलेल्याचे उत्पन्न २,५०० पौंडांनी कमी धरले जाते. मात्र त्यासाठी गिफ्ट एडचा फॉर्म भरून दिलेला असावा. रविवारी थाळीत नाव न लिहिता टाकलेली नाणी यात येत नाहीत.

पतीचे उत्पन्न ८०,००० च्या वर असले तरी अर्ज करावाच; फक्त 'पैसे नकोत' असा पर्याय निवडावा. कारण बारा वर्षांखालील मुलाच्या भत्त्याचा अर्ज ज्याच्या नावे असतो, त्याच्या शासकीय निवृत्तिवेतनाच्या खात्यात ती वर्षे जमा होतात. पूर्ण निवृत्तिवेतनाला अशी ३५ वर्षे लागतात. यासाठी अर्ज सामान्यतः घरी राहणाऱ्या किंवा बिनपगारी रजेवरील पालकाच्या नावे असावा. पहिल्या मुलाच्या वेळी ज्यांनी पैसे घेणे थांबविले होते, त्यांनी दुसऱ्या बाळंतपणाच्या रजेत ते पुन्हा सुरू करून घ्यावेत.

अर्ज जन्मनोंदणीनंतर ४८ तासांनी ऑनलाइन करता येतो. उशीर झाल्यास मागची बाकी केवळ तीन महिन्यांचीच मिळते. कर लागू झाल्यास २०२५ पासून तो पगारातूनच कापून घेण्याची सोय झाली आहे. ती न घेणाऱ्यांनी करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत 'सेल्फ असेसमेंट'साठी नाव नोंदवून ३१ जानेवारीपर्यंत कर भरावा.