नियम बदलला, किंमत कुणी मोजली?

सीईटीचा रिझल्ट लागतो तेव्हा स्क्रीनवर मार्क दिसत नाहीत. दिसतो पर्सेंटाइल, तोही दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत. घरचे विचारतात, "म्हणजे दोनशेपैकी किती पडले?" मग तुम्ही समजावत बसता. तुमच्या मोठ्या भावाच्या वेळी पद्धत वेगळी होती, मामेबहिणीच्या वेळी आणखी वेगळी. त्यामुळे घरातल्या कुणाचाच अनुभव तुमच्या फारसा कामाला येत नाही.

यात अतिशयोक्ती नाही. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला जायचं तर २०१३ पर्यंत सीईटी होती. २०१४ आणि २०१५ मध्ये ती बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावीचे मार्क निम्मे-निम्मे धरले गेले. २०१६ ला सीईटी परत आली. २०१९ पासून ती कम्प्युटरवर, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये व्हायला लागली. एकाच घरातल्या तीन भावंडांनी तीन वेगळ्या नियमांनी एकाच कॉलेजचं दार ठोठावलं, असं सहज घडलेलं असू शकतं.

बदल वाईटच असतात असं नाही. पण प्रत्येक बदलाची कुणीतरी किंमत मोजतं. ती कोण मोजतं, हे बघायला आपण शिकलं पाहिजे.

आधी पर्सेंटाइलचा हिशेब

पीसीएम ग्रुपची सीईटी २०२५ मध्ये चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. एवढे कम्प्युटर एका वेळी मिळणं अवघड, म्हणून बरेच दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्ट लावल्या जातात. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. एखादा सोपा जातो, एखादा घाम फोडतो. मग सोप्या पेपरातले १६० आणि अवघड पेपरातले १४५ यांची तुलना कशी करायची?

यावरचा उपाय म्हणजे पर्सेंटाइल. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती टक्के मुलांना पडले, एवढंच तो सांगतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ९९ मुलं तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे. पेपर अवघड असेल तर सगळ्यांचेच मार्क घसरतात, रांगेतली तुमची जागा बदलत नाही.

कल्पना चांगली आहे, पण ती एका गृहीतकावर उभी आहे. प्रत्येक शिफ्टला बसलेली मुलं सरासरीने सारख्याच तयारीची आहेत, हे ते गृहीतक. शिफ्ट मोठी असेल आणि मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटलेली असतील, तर ते बऱ्यापैकी खरं ठरतं. पण एखाद्या शिफ्टला हुशार मुलांचा भरणा थोडा जास्त झाला, तर तिथल्या मुलाचा पर्सेंटाइल त्याचा काही दोष नसताना खाली येतो. चार लाखांमध्ये ०.१ पर्सेंटाइल म्हणजे ४०० मुलं. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या कटऑफजवळ एवढ्या फरकाने कॉलेज बदलतं, कधी कधी शहरही.

डॉक्टरांना एक शिफ्ट, आपल्याला अनेक

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. २०२५ ची नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणासाठीची परीक्षा, दोन शिफ्टमध्ये घ्यायचं ठरलं होतं. ३० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा एकाच शिफ्टमध्ये घ्या. दोन पेपर कधीच तंतोतंत सारख्या काठिण्यपातळीचे असू शकत नाहीत आणि नॉर्मलायझेशन हा सरसकट वापरायचा मार्ग नाही, असा त्यामागचा विचार होता. १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली आणि दोन लाखांहून जास्त डॉक्टरांनी एकच पेपर सोडवला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजमध्ये हजारो विद्यार्थी याच मुद्द्यावर रस्त्यावर उतरले होते. तेव्हा उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाला पीसीएसची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचं मान्य करावं लागलं.

मग सीईटी एकाच दिवशी का नको? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. नीट-यूजी एकाच दिवशी होते, कारण ती कागदावर होते. कागद म्हटला की छपाई, वाहतूक आणि पेपरफुटीची भीती आली. २०२४ ला त्याचं काय झालं ते देशाने पाहिलं. कम्प्युटरवर घ्यायची तर शिफ्ट आल्या, शिफ्ट आल्या की नॉर्मलायझेशन आलं. दोन्हीकडे काहीतरी सोडावं लागतं. आपण काय सोडतोय आणि का, हे परीक्षा घेणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं, एवढी अपेक्षा तरी नक्कीच ठेवता येते.

२१ प्रश्नांची गोष्ट

२७ एप्रिल २०२५, पीसीएम सीईटीची सकाळची शिफ्ट. गणिताच्या ५० प्रश्नांपैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा, म्हणजे दोनशेपैकी ४२ मार्क हवेत. त्या शिफ्टच्या सुमारे २७ हजार मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेण्यात आली.

तेव्हा बाकीच्या शिफ्टमधली अनेक मुलं म्हणाली, "यांना आठ दिवस जास्त मिळाले, हा अन्याय आहे." ऐकायला पटतं, पण हिशेब करून बघा. ते आठ दिवस त्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच मिळाले आणि पर्सेंटाइल त्या शिफ्टच्या आतच काढला जातो. सगळ्यांचे मार्क वाढले तरी रांग तीच राहते. म्हणजे बाहेरच्यांचं नुकसान जवळपास नाही.

खरा फटका रांगेच्या आत बसला. परीक्षा संपली म्हणून कुणी पुस्तकं बांधून ठेवली होती, कुणी गावी निघून गेलं होतं. ज्याचं घर सेंटरपासून वीस मिनिटांवर आहे त्याच्यासाठी ती एक जादा सकाळ होती. ज्याला पहाटेची एसटी पकडून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जायचं होतं, त्याच्यासाठी तो पुन्हा एक पूर्ण दिवस आणि पुन्हा तिकिटाचा खर्च. पर्सेंटाइलच्या सूत्रात एसटीचं तिकीट धरलेलं नसतं.

तीन दिवस आधी बदललेला खेळ

सगळ्यात मोठा धडा मात्र २०१६ चा आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातली मेडिकलला जाणारी मुलं ५ मेच्या सीईटीची तयारी करत होती, राज्य बोर्डाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला: त्याच वर्षीपासून नीट, पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै. म्हणजे पहिल्या टप्प्याला तीन दिवस. अभ्यासक्रम वेगळा, चुकलेल्या उत्तराला मार्क कापणार आणि पेपर फक्त इंग्रजी व हिंदीत.

कोर्टाचा हेतू चुकीचा नव्हता. कॉलेजागणिक वेगळी परीक्षा आणि त्याआड चालणारे डोनेशनचे व्यवहार थांबवायचे होते, त्यासाठी एक समान परीक्षा हवी होती. पण चांगला हेतू चुकीच्या तारखेला आला की तो अन्यायच वाटतो. अखेर २४ मेच्या अध्यादेशाने राज्यांना सरकारी जागांसाठी त्या वर्षापुरती सूट मिळाली. मधल्या जवळपास चार आठवड्यांत ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी नीटचे क्रॅश कोर्स लावले, बाकीचे टीव्हीसमोर बसून बातम्या बघत राहिले. २०१७ पासून नीटचा पेपर मराठीतही मिळायला लागला. बदल राबवायला एक वर्ष दिलं असतं तर हे आधीच होऊ शकलं असतं.

तसंच काहीसं जेईई मेनच्या ७५ टक्क्यांच्या अटीचं. एनआयटी-ट्रिपल आयटीसाठी बारावीला ७५ टक्के हवेत, ही अट कोविडच्या काळात शिथिल होती. २०२३ साठी ती परत आली आणि ते कळलं डिसेंबर २०२२ च्या मध्यावर, जेव्हा परीक्षा जानेवारीत होती. ज्यांनी आदल्या वर्षी बारावी देऊन ड्रॉप घेतला होता त्यांचे मार्क तर आधीच ठरून गेलेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नंतर बोर्डातल्या टॉप २० पर्सेंटाइलची वाट मोकळी झाली. पण ड्रॉप घ्यायचा की नाही हा निर्णय मुलांनी जुन्या नियमावर घेतला होता, तो कुणी परत घेऊ देत नाही.

दादाचं जुनं पुस्तक

नीट-यूजी २०२४ म्हटलं की आपल्याला पेपरफुटी आणि ६७ टॉपर आठवतात. त्या गोंधळात फिजिक्सच्या एका प्रश्नाकडे फार जणांचं लक्ष गेलं नाही. त्याची दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक उत्तर येत होतं आणि नव्याप्रमाणे दुसरं. सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं. नव्या पुस्तकाप्रमाणेचं उत्तर बरोबर ठरलं. जुन्याप्रमाणे उत्तर देणाऱ्या चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच मार्क गेले: मिळालेले चार परत आणि वर एक कापला. पैकीच्या पैकी मार्कांचे टॉपर शेवटी १७ उरले.

विज्ञान म्हणून निकाल बरोबरच होता. चुकीच्या विधानाला मार्क देणं हाही अन्यायच. पण जुनी पुस्तकं कोण वापरतं, हे तुम्हाला माहीत आहे. दादाची, ताईची, शेजारच्यांची, रद्दीच्या दुकानातून अर्ध्या किमतीत आणलेली. कोणत्या आवृत्तीवर प्रश्न येणार आणि तिच्यात काय बदललंय याचं एक पान जरी आधी जाहीर झालं असतं, तरी हा फटका टळला असता.

दोन संधी, पण कुणाला?

आता पुढचा बदल. २०२६ पासून एमएचटी-सीईटीही वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला: दुसरी संधी ऐच्छिक, दोन्हींतला चांगला स्कोअर धरायचा. जेईई मेन २०१९ पासून असंच चालतं.

हा बदल खरोखर चांगला आहे. परीक्षेच्या दिवशी ताप आला, घरी कुणी गेलं, कम्प्युटर हँग झाला, तर वर्ष वाया जायला नको. पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, "ऐच्छिक" संधी ज्याला फी, प्रवास आणि वेळ परवडतो त्याच्यासाठीच खरी ऐच्छिक असते. बाकीच्यांसाठी ती परवडत नाही म्हणून सोडून दिलेली संधी असते. दुसरी फी माफ किंवा अगदी कमी ठेवता येईल का, हा प्रश्न आजच विचारायचा आहे. दोन, दुसऱ्यांदा बसणारी गर्दी वेगळी असते. आणखी वर जायचंय म्हणून येणारी, जास्त तयारीची मुलं तिथे जास्त असतील, तर पहिल्या वेळचे ९५ पर्सेंटाइल आणि दुसऱ्या वेळचे ९५ पर्सेंटाइल एकाच तराजूत कसे तोलणार? त्याचं सूत्र परीक्षेच्या आधी छापून यायला हवं, रिझल्टनंतर नव्हे.

मग न्याय्य बदल कसा ओळखायचा?

"जुनंच बरं होतं" हे उत्तर नाही. सगळं बारावीच्या मार्कांवर सोडावं तर बोर्डा-बोर्डांतला फरक आणि कॉपीचा प्रश्न उभा राहतो. जेईई मेनमध्येही बारावीला असलेलं ४० टक्के वजन २०१७ पासून काढलंच गेलं. उलट सगळं एका परीक्षेवर टाकलं की कॉलेज ओस पडतं आणि क्लास भरतो. कोणतीच पद्धत धुतल्या तांदळासारखी नाही.

म्हणून प्रत्येक नव्या नियमाला तीन प्रश्न विचारा. हा नियम लागू व्हायच्या किती आधी सांगितला? अकरावीत प्रवेश घेताना जो नियम होता तोच बारावीनंतर असावा, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. त्याचं गणित उघड आहे का? आणि चूक झाली तर दाद मागायला किती पैसे लागतात? २०२५ च्या सीईटीत एका प्रश्नावर आक्षेप घ्यायला एक हजार रुपये भरावे लागत होते, जेईई आणि नीटमध्ये दोनशे. चूक परीक्षा घेणाऱ्याची, ती दाखवून द्यायची फी मात्र विद्यार्थ्याची, आणि आक्षेप बरोबर ठरला तरी पैसे परत नाहीत. ही फी परत मिळावी, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरायला काय हरकत आहे?

तुम्ही आता कॉलेजात आहात. तुमची सीईटी झाली, रिझल्टचा कागद फाइलमध्ये गेला. पण गल्लीतला अकरावीचा मुलगा अजून माहितीपुस्तिका न वाचता क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबून आहे. त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसा. सीईटी सेलच्या वेबसाइटवरची माहितीपुस्तिका उघडा, अभ्यासक्रमाची आवृत्ती, आक्षेपांच्या तारखा, पर्सेंटाइलचं सूत्र सगळं दाखवा. नियम ठरवणं आपल्या हातात नाही, पण तो सगळ्यांत शेवटी कळणारा मुलगा आपल्या गल्लीतला नसावा, एवढं आपल्या हातात नक्की आहे.