ओठावर जर येतो तेव्हा...

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मला दर उन्हाळ्यात ओठावर जर येतो. आता घरात नातू आलाय, त्याला काही होणार नाही ना?"

ओठावरचे हे पाणीदार फोड पाल फिरल्याने येत नाहीत, विषाणूमुळे येतात. फोड बरे झाले तरी विषाणू नसेत दबून राहतो. ताप, कडक ऊन, दगदग किंवा पाळीच्या वेळी तो पुन्हा उठतो. कुणाला वर्षातून एक-दोनदा, कुणाला जास्त वेळा, तर कुणाला परत कधीच नाही.

ओठ चुरचुरू लागताच डॉक्टरांना विचारून असायक्लोव्हिरचं मलम लावा. फोड खाजवू नका. हात धुवा. पेला आणि टॉवेल वेगळा ठेवा. उन्हात ओठ पदराने झाका. बहुतेक वेळा ७ ते १० दिवसांत बरं वाटतं. त्यापुढे लांबलं, डोळ्याजवळ फोड आले किंवा जर वारंवार येत असेल, तर दवाखान्यात जा.

त्या ताईंना आम्ही सांगितलं, तान्ह्या बाळाच्या हा विषाणू जिवावर बेतू शकतो. हात धुऊन नातवाला मांडीवर घ्या, पण जखम पूर्ण भरेपर्यंत पापी उधार ठेवा!