पिस्टनही पुण्याला पोचतो

गॅरेजमध्ये मेस्त्रींनी अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन उघडलं, पिस्टन रॉकेलने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. माथा काजळीने काळा, व्यास ४७ मिलिमीटर. मुठीत सहज मावला. सिलिंडरमध्ये त्याला वर-खाली व्हायला जागा किती? ६३ मिलिमीटर, करंगळीएवढी! एका दमात तो जेवढी जागा व्यापतो ती १०९.५१ सीसी, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. त्या कटिंगभर जागेच्या जोरावर दोन माणसं, भाजीची पिशवी आणि पायाशी तांदळाचं पोतं आरामात निघतं.

चला, हीच स्कूटर मुंबईहून पुण्याला नेऊ. जुन्या हायवेनेच, कारण एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. अंतर १५० किलोमीटर धरू, वेग ताशी ४०, इंजिनाचे फेरे मिनिटाला ५,०००. घाट आणि सिग्नल तूर्त विसरू. पावणेचार तास.

दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. म्हणजे सेकंदाला ४१! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत एकेचाळीस वेळा आग लागली आणि विझली. पुण्यापर्यंत साडेपाच लाखांहून जास्त स्फोट, आणि प्रत्येकाची धग दोन हजार अंशांच्या वर. पिस्टन ज्या अ‍ॅल्युमिनियमचा, ते ६६० अंशांना वितळतं. तरी तो वितळत नाही! हे गणित इंजिनिअरांनी सोडवलंय, आपण फक्त तोंडात बोट घालायचं.

खर्च? लिटरला ५० किलोमीटर धरले तर तीन लिटर. ड्रॉपरमधून पडतो तसा एक थेंब घ्या आणि त्याचे नऊ-दहा भाग करा. एका स्फोटाला त्यातला एक भाग पुरतो. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरा: एका रुपयात १,८७५ स्फोट! हवा मात्र भरपूर लागते. तीन लिटर पेट्रोल जाळायला ती अंदाजे २७ हजार लिटर लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेतीन टँकर. ती सगळी नळीवाटे, घोटाघोटाने, त्या कटिंगच्या ग्लासात.

आता पिस्टनकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. सेकंदाला तो साडेदहा मीटर धावतो. चौतीस फूट खोल विहिरीच्या काठावरून तळ गाठायला एक सेकंद! आणि धावतो कुठे, तर करंगळीएवढ्या जागेत, येरझारा घालत. एका फेऱ्यात १२.६ सेंटीमीटर, पुण्यापर्यंत सव्वाअकरा लाख फेरे. गुणाकार करा. १४२ किलोमीटर! स्कूटर १५० किलोमीटर गेली, तर पिस्टन सिलिंडरबाहेर न पडता स्वतःच्या पायांनी जवळपास पुण्यात पोचला.

माझ्या हातातल्या पिस्टनच्या गाडीचं मीटर ५० हजार दाखवत होतं. याच हिशेबाने साडेसदतीस कोटी फेरे. मिनिटाला ७२ ठोके देणाऱ्या हृदयाला तेवढे ठोके द्यायला दहा वर्षं लागतील. पिस्टनने ते १,२५० तासांत उरकले. आणि अंतर? ४७ हजार किलोमीटरांच्या वर! पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५. अख्खी पृथ्वी फिरून झाली, तरी सात हजारांहून जास्त उरलेच. त्यात मुंबई-पुणे आणखी अठ्ठेचाळीस वेळा!